सबब म्हणजे बहाणा नव्हे

२०१७ च्या पावसाळ्याच्या शेवटी एका रात्री माझ्या दारावर थाप पडली. आमच्या मोहल्ल्याच्या मागे राहणाऱ्या एका सालदाराची बायको उभी होती. तिचा मुलगा, वय वीस-एकवीस, दिवसभर कपाशीवर फवारा मारून आला होता. आल्यापासून उलट्या, तोंडाला लाळ, अंगाला घामाच्या धारा. मी शिक्षक, म्हणजे चार कागद वाचता येणारा माणूस, म्हणून माझ्याकडे आली. आम्ही मुलाला ऑटोत घातलं आणि दवाखाना गाठला.

दवाखान्याचं नाव सांगत नाही, कारण तिथे जे झालं ते कुठेही झालं असतं. तरुण डॉक्टरने मुलाला पाहिलं आणि केसपेपरवर एक शब्द लिहिला. मोठ्याने म्हणालाही, 'पॉयझनिंग आहे, पोलिसांना कळवावं लागेल.' तो शब्द ऐकला आणि बाप ताठ झाला. म्हणाला, 'माह्या पोरानं जहर नाही घेतलं जी. फवाऱ्यावर गेलता तो.' डॉक्टरने विचारलं, कोणतं औषध होतं? बाप गप्प. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. त्याला वाटत होतं की औषधाचं नाव सांगितलं तर पोराने आत्महत्येचा प्रयत्न केला असं कागदावर लागेल, पोलीस येतील, गावात बदनामी होईल, उद्या पोराला मुलगी कोण देईल?

यवतमाळ जिल्ह्यात राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे 'जहर' हा शब्द उच्चारला की एकच चित्र समोर येतं. शेतकरी, कर्ज, डबा. डॉक्टरच्या मनात मात्र 'पॉयझनिंग'चा अर्थ एवढाच होता की शरीरात विष गेलं आहे. ते तोंडातून गेलं, कातडीतून गेलं की श्वासातून, हा पुढचा प्रश्न. मराठीत यासाठी दोन वेगळे शब्द तयार आहेत. विष प्यायलं तर विषप्राशन, आणि विषाचा त्रास झाला, मग तो कसाही झालेला असो, तर विषबाधा. 'विषबाधा झाली आहे, फवारताना कातडीतून विष गेलं असेल', एवढं एक वाक्य त्या रात्री मराठीत बोललं गेलं असतं तर बापाने डब्याचं नाव लगेच सांगितलं असतं. ते सांगायला त्याने बराच वेळ घेतला, तोही मी बाजूला घेऊन समजावल्यावर. मुलगा वाचला, अल्लाहचे उपकार. पण तो वेळ मी विसरू शकलेलो नाही.

त्या वर्षी जे वाचले नाहीत त्यांची गोष्ट सगळ्या देशाने वाचली. जुलै ते ऑक्टोबर २०१७ या काळात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मेले. शेकडो लोक दवाखान्यात दाखल झाले. काहींची दृष्टी काही दिवस गेली. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, आमच्या पांढरकवडा वनविभागातली टी-१ वाघीण, जिला लोक अवनी म्हणत, गोळी घालून मारली गेली. तिच्यावर दोन वर्षांत तेरा माणसं मारल्याचा ठपका होता. तिच्यासाठी नेमबाज आले, कॅमेरे लागले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. वाघिणीच्या बाजूने आणि विरोधात दिल्ली-मुंबईत लोक भांडले. त्याहून जास्त माणसं चार महिन्यांत मारणाऱ्याचा शोध मात्र कुणी असा घेतला नाही. वाघिणीला चेहरा होता. विषबाधेचं 'कारण' मात्र एक नव्हतं, आणि ते समजून घेण्यासाठी लागणारे शब्द आमच्याकडे नव्हते.

माझा मुद्दा हाच आहे. आजार कसा होतो आणि कसा वाढतो हे समजायला जे आठ-दहा मूळ शब्द लागतात, ते आपल्या लोकांना कुणी शिकवले नाहीत. ज्याच्याकडे शब्द नाही त्याला प्रश्न विचारता येत नाही, आणि ज्याला प्रश्न विचारता येत नाही त्याच्यावर सगळा दोष टाकणं फार सोपं असतं.

पहिला शब्द घ्या, सबब. हा आपल्या घरातला शब्द आहे. अरबीत सबब म्हणजे कारण. उर्दूतही तोच अर्थ. मराठीत आल्यावर त्याचा अर्थ झाला बहाणा. 'उगाच सबबी सांगू नकोस' असं आपण मुलांना म्हणतो. मराठी 'कारण' या शब्दाचीही तीच गत, 'कारणं देऊ नकोस' म्हणजे बहाणे करू नकोस. गंमत वाटते, पण २०१७ मध्ये हीच गंमत आमच्या जिवावर उठली. लोक मेले तेव्हा सबब विचारली गेली, आणि उत्तरात सबब मिळाली. पहिल्या अर्थाची विचारली, दुसऱ्या अर्थाची मिळाली. मजुरांनी तोंडाला मास्क बांधला नाही, हातमोजे घातले नाहीत, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारलं. झालं, विषय संपला. मेलेलाच गुन्हेगार.

मास्क बांधला नव्हता हे खरं आहे. पण ते एकमेव कारण आहे का? त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती, त्यामुळे फवारा खाली पडायच्या ऐवजी छातीवर आणि तोंडावर येत होता. बीटी बियाण्याला गुलाबी बोंडअळी दाद देईनाशी झाली होती, म्हणून फवारण्या वाढल्या. दुकानदाराच्या सल्ल्याने दोन-तीन औषधं एकत्र कालवली जात होती. नव्या पंपांचा तुषार जास्त बारीक होता. दमट उकाड्यात अंग घामाने भिजलेलं, आणि भिजलेल्या कातडीतून विष लवकर आत शिरतं. अशा उकाड्यात प्लास्टिकचा अंगरखा घालून आठ तास पंप पाठीवर वाहून दाखवा, मग मजुराच्या निष्काळजीपणावर बोला. ही सगळी मिळून कारणांची साखळी होते. वैद्यकशास्त्र तिच्याकडे तीन बाजूंनी पाहतं: रोग निर्माण करणारी गोष्ट, ती ज्याला बाधते तो माणूस, आणि दोघांची गाठ घालणारी परिस्थिती. आमच्याकडे तीनपैकी फक्त माणूस पकडला गेला.

हे शहाणपण पाश्चात्त्यांकडून उसनं आणायची गरजही नव्हती. इब्न सीना, ज्यांचं निधन १०३७ साली झालं, त्यांच्या 'अल-कानून' या ग्रंथात सबब वेगळी, मर्ज वेगळा आणि रोगाची बाहेर दिसणारी खूण वेगळी अशी स्पष्ट विभागणी आहे. तिकडे आयुर्वेदात 'निदानपंचक' आहे: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ती. यातलं निदान म्हणजे रोगाचं कारण. पूर्वरूप म्हणजे आधी मिळणारी चाहूल, रूप म्हणजे उघड झालेली लक्षणं, उपशय म्हणजे कशाने बरं वाटतं ते, आणि संप्राप्ती म्हणजे कारणापासून रोगापर्यंतचा सगळा प्रवास. आजचे डॉक्टर ज्याला पॅथोजेनेसिस म्हणतात, त्यासाठी हा शब्द शेकडो वर्षं पडून आहे. आम्हा मराठी मुसलमानांना तर दोन्ही वारसे मिळाले. तब्येत, इलाज, जुलाब, लकवा हे शब्द हकिमांकडून मराठीत आले आणि निदान, लक्षण, पथ्य वैद्यांकडून. एवढी दौलत घरात असताना आम्ही दवाखान्याच्या दारात मुके उभे राहतो.

संप्राप्ती कळली की काय फरक पडतो, ते त्या मुलाच्याच उदाहरणावरून सांगतो. फवारणीच्या औषधांमध्ये एक मोठा गट असा आहे, ज्यात मोनोक्रोटोफॉस येतं. हे शरीरातल्या एका विकराला, म्हणजे एन्झाइमला, निकामी करतं. आपल्या नसा स्नायूंना आणि ग्रंथींना 'काम कर' असा निरोप देतात आणि हे विकर तो निरोप लगेच पुसून टाकतं. ते बंद पडलं की निरोप पुसलाच जात नाही. म्हणून लाळ थांबत नाही, घाम थांबत नाही, स्नायू फडफडत राहतात आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकून हार मानतात. हे समजलेल्या माणसाला पुढच्या गोष्टी पाठ कराव्या लागत नाहीत. विष कातडीतून शिरतंय, म्हणजे भिजलेले कपडे आधी काढायला हवेत आणि अंग साबणाने धुवायला हवं. 'थोडं पडून राहा, बरं वाटेल' म्हणणं म्हणजे विषाला आणखी वेळ देणं. आणि डबा किंवा त्याचं लेबल दवाखान्यात सोबत नेलं पाहिजे, कारण काही विषांवर ठरलेला उतारा आहे आणि काहींवर नाही. डॉक्टरला ते लवकर कळणं म्हणजे जीव.

इथेच लक्षण आणि चिन्ह यांतला फरक कामाला येतो. रुग्णाला जाणवतं आणि तो सांगतो ते लक्षण: मळमळतंय, डोकं दुखतंय, अंधुक दिसतंय. दुसऱ्याला तपासून दिसतं ते चिन्ह. या विषबाधेत डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. हे त्या मुलाने सांगितलं नव्हतं, सांगूच शकला नसता. ते कुणीतरी पाहायला हवं होतं. टॉर्च लावून पोराच्या डोळ्यात पाहायला त्याच्या आईला डॉक्टर व्हायची गरज नाही. तिला फक्त कुणीतरी सांगायला हवं होतं.

आणखी एक जोडी, तीव्र आणि जुनाट. डॉक्टर 'अ‍ॅक्यूट' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ अचानक आलेला, थोड्या काळाचा. 'क्रॉनिक' म्हणतो तेव्हा दीर्घकाळ चालणारा. दोन्ही शब्द काळाचे आहेत. आमचे लोक मात्र 'क्रॉनिक' ऐकलं की शेवटची पायरी समजून रडायला बसतात, आणि 'अ‍ॅक्यूट' ऐकलं की चार दिवसांत जाईल म्हणून घरी परततात. रिपोर्ट 'पॉझिटिव्ह' आला म्हणून मिठाई आणलेली माणसं मी पाहिली आहेत. हसू नका. ज्या भाषेत ती माणसं जगतात त्या भाषेत त्यांना कुणी काही सांगितलेलं नाही.

आता दुसरी गोष्ट, जिथे माझ्याच माणसांशी मला भांडायचं आहे.

केळापूर तालुक्यात गोंड, कोलाम, परधान बांधवांची वस्ती मोठी आहे, आणि विदर्भात सिकलसेलचा आजार आदिवासींत, तसाच अनुसूचित जाती आणि इतर समाजांतही आढळतो. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. २०४७ पर्यंतचं उद्दिष्ट आहे आणि ७ कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठेवलं आहे. तपासणी होते, कार्ड मिळतं. कार्डावर लिहिलेलं असतं, 'वाहक'.

या एका शब्दाने किती लग्नं मोडली असतील! डास मलेरियाचा वाहक, माशी रोगाची वाहक, आणि आता ही मुलगी वाहक. लोकांनी अर्थ लावला की तिच्यापासून आजार पसरतो. तिच्या हातचं पाणी नको, तिचं पोर घरात नको. खरा अर्थ वेगळाच आहे. आई आणि बाप, दोघांकडून मिळून प्रत्येक गुणाची एकेक जोडी आपल्याला मिळते. दोन्हीकडून सदोष प्रत आली तर सिकलसेलचा आजार होतो, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. एकाच बाजूने आली तर माणूस वाहक. त्याला सहसा काही त्रास नसतो आणि त्याच्यापासून कुणाला लागण होत नाही. आजार आनुवंशिक आहे, संसर्गजन्य नाही. या दोन शब्दांतला फरक एका मुलीचं अख्खं आयुष्य ठरवतो.

दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक. 'प्रत्येक' हा शब्द महत्त्वाचा. 'पहिलं पोर आजारी निघालं, आता पुढची तीन चांगली' असा हिशेब लोक करतात. पण मागच्या बाळंतपणात काय झालं, याचा पुढच्या बाळंतपणाशी काही संबंध नसतो.

'हा त्यांचा आजार, आपला नाही' असं आमच्यात म्हटलं जातं. मला हे मान्य नाही. सदोष प्रत जात किंवा धर्म विचारून येत नाही. शिवाय आमच्यात चुलत, मामे, मावस भावंडांत लग्नं होतात. एकाच आजोबाची प्रत दोन्हीकडून येण्याची शक्यता अशा लग्नात वाढते, मग तो सिकलसेल असो की थॅलेसेमिया. मी असं लग्न हराम म्हणत नाही, कुणी म्हणू शकत नाही. पण परवानगी असणं म्हणजे हुकूम असणं नव्हे. निकाह ठरवताना मेहर, दागिने, जेवणाची देग यांवर तास तास चर्चा करणाऱ्यांना रक्ताच्या एका तपासणीची लाज का वाटावी? आणि मूल आजारी निघालं तर दोष फक्त सुनेला का? प्रत दोघांकडून आली आहे. हे ज्याला कळतं तो सासरा सुनेला माहेरी धाडत नाही.

तिसरा शब्द सांगतो, जोखीम. आमच्या चौकातली पोरं, हिंदू असोत की मुसलमान, खर्रा खातात. समजावायला गेलं की उत्तर तयार: 'आमचे दादा ऐंशी वर्षं खात होते, काही झालं नाही.' जोखीम म्हणजे खात्री नव्हे. जोखमीने शक्यता वाढते. हेल्मेट न घालणारा प्रत्येक जण मरत नाही, म्हणून हेल्मेट निरुपयोगी ठरत नाही. आणि कर्करोग एका रात्रीत होत नाही, तो पायऱ्या चढतो. आधी तिखट सोसवेनासं होतं, मग तोंड पूर्ण उघडत नाही, गालाच्या आत पांढरा चट्टा दिसतो. याला कर्कपूर्व अवस्था म्हणतात, आणि पूर्वरूप हा जुना शब्द इथे चपखल बसतो. या पायरीवर थांबता येतं. वरच्या पायरीवर गेल्यावर सगळे नागपूरला पळतात.

आता आक्षेप. एक डॉक्टर मित्र म्हणतात, 'अहो, लोकांना शब्द शिकवून काय होणार? गोळी वेळेवर घेतली तरी पुरे.' मी त्यांना विचारतो, त्या रात्री गोळीचा प्रश्न होता का? प्रश्न होता तो बापाच्या गप्प बसण्याचा. शिवाय गोळी वेळेवर घ्यायची ती का, हे कळल्याशिवाय माणूस घेत नाही. बरं वाटलं की बंद करतो. टीबीच्या औषधांचं हेच होतं, आणि मग जंतू औषधाला जुमानत नाहीत.

दुसरा आक्षेप आपल्या घरातला. 'आरोग्याचं सांगायचंच असेल तर उर्दूत सांगा.' उर्दूवर माझं प्रेम आहे. पण पांढरकवड्याच्या मुसलमान पोराची शाळा मराठी, बाजार मराठी आणि दवाखान्याचा फलक मराठी. त्याला त्याच्या जगण्याच्या भाषेत सांगा. कोलाम वस्तीत कोलामीत सांगा, गोंड वस्तीत गोंडीत. माझा आग्रह एका भाषेसाठी नाही, तो समजण्यासाठी आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत जड. 'जे व्हायचं ते अल्लाहच्या मर्जीने होतं.' शेजारी हेच 'नशीब' म्हणून सांगतात. हजरत उमर शामकडे निघाले होते, वाटेत तिथे साथ पसरल्याची खबर आली आणि ते माघारी फिरले. तुम्ही तकदीरपासून पळता का, असं त्यांना विचारलं गेलं. त्यांच्या उत्तराचा आशय असा होता की आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जातो आहोत. प्रत्येक आजारासोबत त्याचा इलाजही उतरवला आहे, ही हदीस तर आपल्या घरोघरी सांगितली जाते. इलाज शोधायचा तर सबब शोधावी लागते. सबब न शोधता मर्जीवर ढकलणं हा ईमान नव्हे, तो आळस आहे.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. केसपेपरवर आजाराचं नाव एकदा तरी देवनागरीत लिहा, आणि 'पॉयझनिंग' लिहाल तेव्हा विषबाधा की विषप्राशन हे नातेवाइकांना तोंडाने सांगा. कीटकनाशकाच्या डब्यावर लाल, पिवळा, निळा आणि हिरवा असे रंग असतात. लाल सर्वांत घातक, हिरवा सर्वांत कमी. हे कृषी केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवा. शाळेत सातवी-आठवीच्या मुलांना कारण, जोखीम, लक्षण, चिन्ह, तीव्र, जुनाट, आनुवंशिक, संसर्गजन्य, वाहक हे नऊ शब्द उदाहरणांसह शिकवा. आणि आमच्या मशिदींत फवारणीच्या हंगामात जुम्याच्या दिवशी दोन मिनिटं यासाठी द्या. नमाजी मजूर आहेत, शेतकरी आहेत, त्यांच्या जिवाची गोष्ट आहे.

तो मुलगा आता स्वतः बाप झाला आहे. अजूनही फवाऱ्यावर जातो, दुसरं काम नाही. पण त्याची आई आता डबा फेकत नाही. रिकामा होईपर्यंत कुडाच्या खुंटीला, पोरांच्या हाताला लागणार नाही इतका उंच टांगून ठेवते. मी विचारलं, कायले जी? म्हणाली, 'काही झालं त डॉक्टरले दाखवाले लागते ना सर.' तिला वाचता येत नाही. तरी तिला आता सबब कळते.